पॅरिस: शिळा आणि स्मृति

पॅरिस शहर पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा जें उभें आहे तेंच पाहतो. परंतु ह्या शहराचा इतिहास जितका उभारलेल्या वास्तूंत आहे, तितकाच पाडलेल्या वास्तूंतहि आहे. तेथील चार-पांच प्रसिद्ध स्थळें एका दिवसांत पाहण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं हीच दृष्टि ठेविली होती. वाचकांसहि त्याच वाटेनें नेण्याचा आमचा विचार आहे.

सकाळीं प्रथम बॅस्टिलचा चौक गांठला. ज्या किल्ल्यापासून राज्यक्रांतीचा आरंभ सांगतात, तो किल्ला तेथें नाहीं. १४ जुलै १७८९ रोजीं लोकांनीं तो सर केला तेव्हां आंत अवघे सात कैदी होते; पण तो अनियंत्रित सत्तेचें प्रतीक होऊन बसला होता, म्हणून लागलीच त्याची पाडापाड सुरू झाली. त्याच्या भिंती कोठून जात होत्या हें आतां फरसबंदींतील रेषांवरूनच समजावयाचें. मध्यभागींचा कांस्यस्तंभ पुष्कळांस त्याच क्रांतीचा वाटतो. वस्तुतः तो १८३० च्या दुसऱ्या क्रांतींत पडलेल्यांच्या स्मरणार्थ आहे.

तेथून सीन नदीच्या कांठानें नोत्र दामच्या मंदिराकडे आलों. दर्शनी दरवाजांच्या वर २८ राजांच्या मूर्तींची रांग आहे. हे राजे बायबलांतील यहूदा देशाचे. परंतु १७९३ मध्यें क्रांतिकारकांनीं त्यांस फ्रान्सचे राजे समजून त्यांचीं शिरें उडविलीं! आज दिसतात त्या मूर्ति एकोणिसाव्या शतकांतील जीर्णोद्धाराच्या होत. मूळ मस्तकें कायमचीं नष्ट झालीं अशीच समजूत होती. पण १९७७ सालीं शहरांतील एका जुन्या वाड्याच्या आवारांत खोदकाम चाललें असतां त्यांपैकीं २१ सांपडलीं. नदीपलीकडच्या क्लूनी संग्रहालयांत तीं मांडलेलीं आहेत. नाकें तुटलेलीं, परंतु मूळ रंगाची छटा कोठें कोठें अद्याप टिकून आहे. मंदिराचें छप्पर व शिखर १५ एप्रिल २०१९ च्या आगींत जळालें, तेव्हां नवें शिखर नव्या धर्तीचें असावें कीं जुन्या, ह्यावर मोठा वाद झाला. अखेर जसें होतें तसेंच तें उभारलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर पुन्हां उघडलें.

दुपारीं व्हांदोम चौकांत गेलों. तेथें पूर्वीं चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा होता. तो १७९२ मध्यें पाडला. त्या जागीं नेपोलियननें ऑस्टरलिट्झच्या लढाईंत जिंकलेल्या तोफांच्या धातूनें मढविलेला विजयस्तंभ उभारला. १८७१ च्या मे महिन्यांत कम्यूनवाल्यांनीं तोहि दोर लावून खालीं ओढला. पुढें सरकारनें तो पुन्हां उभा केला व त्याचा खर्च गुस्ताव कूर्बे ह्या नामांकित चित्रकाराच्या माथीं मारला. दरसाल दहा हजार फ्रँकचा हप्ता ठरला होता. परंतु पहिला हप्ता भरण्यापूर्वींच, १८७७ च्या शेवटच्या दिवशीं, कूर्बे स्वित्झर्लंडमध्यें वारला. स्तंभ मात्र आजहि उभा आहे.

जवळच ऐक्याचा चौक, म्हणजे काँकॉर्द. हा प्रथम पंधराव्या लुईच्या नांवें होता, मग क्रांतीचा झाला, आणि १७९५ मध्यें ऐक्याचा झाला. राजे परतले तेव्हां तें नांव पुसलें गेलें, आणि १८३० मध्यें पुन्हां आलें. येथेंच १७९३ च्या जानेवारींत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि पुढल्याच वर्षीं रोब्सपिएरचाहि. राजाच्या मृत्यूच्या बाजूनें मत देणारा त्याचा आप्त फिलिप एगालिते, तोहि ह्याच चौकांत मारला गेला. त्याचाच मुलगा लुई फिलिप १८३० मध्यें गादीवर आला. बापाचें रक्त सांडलें त्या भूमीवर त्यानें काय उभारावें? राजाचा पुतळा क्रांतिवाद्यांस खपला नसता, क्रांतीचें स्मारक राजनिष्ठांस. इजिप्तच्या मेहमत अलीनें लक्सरच्या देवळापुढील तीन हजारांहून अधिक वर्षांचा एक दगडी स्तंभ फ्रान्सला दिला होता. तो १८३६ मध्यें येथें उभा राहिला. फ्रान्सच्या भांडणांशीं त्या स्तंभाचा कांहींच संबंध नव्हता. हीच त्याची योग्यता!

संध्याकाळीं चौकालगतच्या पुलावर आलों. हा पूल सोळाव्या लुईच्या कारकीर्दींत, १७८७ मध्यें बांधावयास घेतला. काम चालूं असतांच क्रांति झाली, आणि पाडलेल्या बॅस्टिलचे दगड त्यास लावून १७९१ मध्यें तो पुरा झाला. त्याच्या पलीकडच्या टोकाशीं फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींचें सभागृह आहे. बॅस्टिलच्या चौकांत जे दगड दिसत नाहींत ते येथें आहेत. त्यांवरून रोज हजारों लोक जातात, आणि त्यांत कायदे करावयास निघालेले प्रतिनिधीहि असतात.