मोट, मोटार, मोटर

साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब नावाचं गाव आहे. तिथली बारामोटेची विहीर पाहायला लांबून माणसं येतात. 1719 ते 1724 या काळात राजघराण्यातल्या वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर आकार शिवपिंडीचा, आत उतरायला पायऱ्या आणि विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल. भोवतीच्या आमराईला पाणी देण्यासाठी तिच्यावर पंधरा मोटा बसतील एवढी जागा केलेली होती. चालायच्या बारा, म्हणून नाव बारामोटेची.

या नावातली मोजणी मला फार मोलाची वाटते. विहिरीची ताकद तिची खोली किंवा रुंदी सांगून कळत नसे, तिच्यावर किती मोटा चालतात हे सांगितलं की कळे. एकमोटी विहीर, दुमोटी विहीर, आणि राजघराण्याची असेल तर बारामोटेची. पाणी वर आणणारं साधन हेच पाण्याचं माप होतं.

मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली सोंड असलेली. तिला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर, वर चाक. दोन किंवा चार बैल धावेच्या उताराला लागले की मोट वर येई आणि सोंडेतून पाणी भसकन थारोळ्यात पडे. तिथून पाट. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच. मोटकरी गात असे, बैलांनाही त्या गाण्याची सवय असे. यातला प्रत्येक शब्द शेतात रोज बोलला जात होता. आज सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावात विशीतल्या पोराला सोंदूर किंवा थारोळं म्हणजे काय, विचारून पाहा. तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील, आणि दोष त्याचा नाही.

पण त्याच पोराला मोटर विचारा. मोटर त्याच्या दिवसाची सुरुवात असते.

मोटेवरूनच मोटर हा शब्द आला, असं आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटतं. वाटणं साहजिक आहे. मोट गेली त्याच विहिरीवर मोटर आली, तेच काम करू लागली आणि नावात फक्त एक अक्षर वाढलं. प्रत्यक्षात दोघींचं रक्ताचं नातं नाही. मोट आपल्या मातीतली. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात तिचे दोन अर्थ मिळतात, पाणी काढायची कातडी पिशवी आणि गाठोडं. वर्तमानपत्रं निवडणुकीत ‘विरोधकांची मोट बांधली’ असं लिहितात, तेव्हा ती ही दुसरी, गाठोड्याची मोट असते. मोटर मात्र लॅटिनमधून इंग्रजीत आली. अर्थ साधा, हलवणारा. यंत्राला हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधी इंग्रजीत ते विश्वाला गती देणाऱ्या परमेश्वरासाठी वापरलं जाई. मग शरीर हलवणाऱ्या नसांना ते लागलं, त्या अर्थाने डॉक्टर आजही ते वापरतात. यंत्राचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला, आणि त्या शतकाच्या अखेरीस घोड्याशिवाय धावणाऱ्या गाडीला मोटर-कार म्हणू लागले.

आपल्याकडे हा शब्द आला तो गाडीच्या रूपाने, आणि मराठीने त्याला एक काना देऊन मोटार केला. संस्थानिकांची मोटार, मामलेदाराची मोटार, नंतर गावोगाव धावणाऱ्या सर्व्हिस मोटारी. 1 जून 1948 ला एसटी सुरू झाली तरी जुन्या माणसांच्या तोंडी बसही मोटारच राहिली आणि ती जिथे थांबते तो मोटार स्टँड. पुढे गाडी हा घरचा शब्द पुन्हा वरचढ झाला. आज कुणी ‘मोटार घेतली’ म्हणत नाही, ‘गाडी घेतली’ म्हणतात. मोटार उरली ती सायकलच्या पुढे आणि सरकारदरबारी, मोटार वाहन कायदा, मोटार वाहन निरीक्षक अशी.

शेतातली मोटर वेगळ्या वाटेने आली आणि ती वाट आपल्याच भागातून जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. 1910 मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. तेव्हा ही वाटणी नव्हती. सांगली जिल्ह्याचं पहिलं नावही दक्षिण सातारा, 1949 मधलं. ते बदलून सांगली झालं 1960 मध्ये. वाडीत लोखंडी नांगर तयार होऊ लागले आणि 1926 मध्ये पंप. तिकडे सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्याकडेही नांगर आणि मग ऑइल इंजिनं. दोन्ही कारखान्यांची सुरुवात नांगरापासून झाली आणि दोन्ही पाणी उपसण्याकडे वळले, यात मला या भागाची खरी गरज दिसते. जमीन उलटून ठेवली, आता पाणी हवं.

म्हणून मोट आणि मोटर यांच्यामध्ये इंजिनाची एक पिढी आहे. फटफट आवाज करत, काळा धूर सोडत ते विहिरीच्या काठावर बसे. सकाळी हँडल मारून चालू करायला घरातला दणकट गडी लागे.

मग वीज आली. कोयनेचं वीजघर 1962 मध्ये सुरू झालं. सातारा जिल्ह्यात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं, तिथे वीज होते आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. एक पाणी असं खाली पडून वीज देतं आणि दुसरं पाणी विजेच्या जोरावर वर चढतं. विजेच्या तारा गावात आल्या, शिवारात खांब उभे राहिले आणि मोटर घरातलीच झाली.

शाळेच्या पुस्तकात तिला विद्युत चलित्र म्हणतात. शब्द चांगला घडवलेला आहे, हलवणारी हा मूळ अर्थही त्यात आहे. पण शेतात त्याची गरज पडली नाही. कारण मोटेची जागा रिकामी होती आणि मोटर त्या जागेत आपोआप बसली. मोट स्त्रीलिंगी, म्हणून मोटरही ‘ती’. अनेकवचन मोटरी. मोट चालायची, मोटरही चालते. विहिरीचं माप जसं मोटेत, तसं आता शेतकऱ्याचं माप मोटरीत. ‘पाचची हाय का साडेसातची?’ असं विचारलं की कुणी एचपी म्हणायची गरज नसते.

तिच्याभोवती आता स्वतःचा शब्दसंसार उभा राहिला आहे. मोटर एअर धरते, पाणी उचलत नाही, जळते, वायंडिंगला जाते. पाण्यात सोडायच्या पाइपाच्या तोंडाशी एक झडप असते, इंग्रजीत फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडे तिचं नाव फुटबॉल. ‘फुटबॉलात कचरा अडकलाय’ हे वाक्य ऐकून शहरातला पाहुणा गोंधळतो. हे शब्द अशुद्ध आहेत असं मला कधीच वाटलं नाही. नाडा, सोंदूर, थारोळं हे शब्द ज्या गरजेतून घडले, त्याच गरजेतून फुटबॉलही घडला.

आणि लाईट. थ्री फेज लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात बॅटरी आणि काठी घेऊन माणसं उसात पाणी द्यायला जातात. साप, रानडुक्कर, कराड-शिराळ्याकडे बिबट्या. मोटकरी पहाटे गात होता. मध्यरात्री स्टार्टर दाबणारा गात नाही, तो तारेकडे कान देऊन उभा असतो. ज्या सोयीने बैलाचे कष्ट संपवले, तिनेच माणसाची झोप अशी घ्यावी, याची सल माझ्या मनातून जात नाही.

शहरात याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ‘त्यांनी नळाला मोटर लावलीय’ म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या वाट्याचं पाणी त्यांनी ओढलं. इथे मोटर म्हणजे सरळ सरळ आरोप. उन्हाळ्यात नगरपालिकेची माणसं अशा मोटरी जप्त करायला निघतात.

दुष्काळी भागात मात्र शेतकऱ्याच्या साडेसातच्या मोटरीकडेही उत्तर नव्हतं. आटपाडी, माण, कवठेमहांकाळ, जत या बाजूला विहिरीत पाणीच नसेल तर मोटर काय उचलणार? तिथे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजना आल्या. टेंभू कराड तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, तिथून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढत खानापूर-आटपाडीच्या माळावर जातं. तिथल्या यंत्रांना कुणी मोटर म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘टेंभूचं पाणी आलं.’ माणसाच्या हाताबाहेरचं मोठं यंत्र झालं की नाव गावाचं लागतं.

नदीकाठाला मोटर पावसाळ्यात एकदा तरी हातावर येते. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी चढू लागलं की काठाच्या गावांत एकच हाक फिरते, ‘मोटरी काढा.’ 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा काढायला वेळ न मिळालेल्या कितीतरी मोटरी गाळाखाली गेल्या. एरवी दहा-बाराजण जमतात, मोटरीला दोर बांधतात आणि चिखलात पाय रोवून तिला काठाच्या चढावरून वर ओढतात. मग ती गोठ्यात नेऊन बैलांच्या रिकाम्या दावणीपाशी पोत्याखाली झाकून ठेवतात, पाणी उतरेपर्यंत.