कर्नाळा किल्ल्याचे दगडी बांधकाम व दुरुस्तीतील चुन्याचा प्रश्न

पनवेलच्या दक्षिणेस असलेल्या कर्नाळा किल्ल्याचा राजकीय इतिहास बहुश्रुत आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला. त्या मानाने त्याच्या दगडचुन्याचा विचार अभ्यासकांनी क्वचितच केला आहे.

सुळक्याच्या पायथ्याशी कोरलेली पाण्याची टाकी हा त्या विचाराचा आरंभबिंदू ठरावा. टाकी खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांसाठी वापरण्याची रीत सह्याद्रीतील किल्ल्यांवर सर्वत्र आढळते. अशा तटाच्या दोन्ही दर्शनी बाजू घडीव दगडांच्या, तर मधला गाभा लहानमोठ्या दगडांचा व चुन्याचा असतो. चुना भाजून, विझवून, वाळूसह घाणीत मळला जाई. कोकणपट्टीत त्यासाठी शिंपलेही भाजत.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. घट्ट काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही. त्यामुळे गाभ्यात मुरलेले पावसाचे पाणी बाहेर पडते ते मुख्यतः दरजांतील सच्छिद्र चुन्यातून. दुरुस्तीच्या वेळी याच दरजा सिमेंटने भरल्या, तर हा मार्ग बंद होतो. पाणी आत साचते, गाभ्यातील चुना धुपतो, भिंतीला पोट येते आणि एखाद्या पावसाळ्यात दर्शनी थर कोसळतो. दोष मात्र जुन्या गवंड्यांच्या माथी मारला जातो! जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन नियमपुस्तकाने नूतनीकरणापेक्षा जतनाला प्राधान्य दिले होते. शंभर वर्षांनंतरही सिमेंटचा मोह सुटलेला नाही.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. कर्नाळा त्यांत नाही. शिवाय १९६८ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य असल्याने तेथे साहित्य नेणेही सोपे नाही. तथापि, दुरुस्तीपूर्वीचा अभ्यास अल्प खर्चात होऊ शकतो. रीतसर परवानगीने गळून पडलेल्या चुन्याचा तुकडा घेऊन तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यास चुना विरघळतो, वाळू व विटेची भुकटी तळाशी राहते आणि मूळ मिश्रणाचे प्रमाण अजमावता येते. कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला हे काम अवघड नाही. मात्र शिंपल्यांचे न भाजलेले तुकडेही आम्लात विरघळतात. म्हणून नमुना प्रथम भिंगाखाली पाहणे आवश्यक ठरते.