पात्राचे रूपवर्णन

कथा-कादंबरीतील व्यक्तीचा चेहरा, बांधा, वय, पेहराव आणि चालण्याबोलण्याची ढब यांचे शब्दांतून घडवलेले दर्शन. ते किती असावे, हे पाहणारा कोण आहे यावरून ठरते.

आरंभीच्या अद्भुतरम्य मराठी कादंबरीत, उदा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’च्या (१८६१) काळात, नायिकेचे रूप संस्कृत वळणाच्या ठरीव उपमांतून येई. अशी नायिका एका कादंबरीतून उचलून दुसरीत ठेवली तरी फारसे बिघडत नसे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये नायिका यमूच आपली कहाणी सांगते, आणि तिच्या दिसण्याचा प्रश्न आपोआप मागे पडतो. उलट उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) नायिकेच्या नवऱ्याला, महादेवला, महारोग होतो. तिथे शरीराचे वर्णन टाळणे म्हणजे कथाच टाळणे.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) चित्रकारही होते. ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) माणूस हाच विषय असल्याने रूपाला ऐसपैस जागा मिळते. ‘बनगरवाडी’त (१९५५) मात्र परगावाहून आलेला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीकडे पाहतो. नवख्या नजरेला जे खटकते वा भावते तेवढेच तो टिपतो, म्हणून ती माणसे इतकी खरी वाटतात.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर या साखर कारखान्याच्या गावात, गळीत हंगामात घडणारी कथा घ्यावी. ऊसतोडणीला आलेली बाई ‘सावळी, मध्यम बांध्याची’ असे लिहिल्याने काहीच दिसत नाही. पाचटाने चिरलेले तिचे हात, मोळी उचलताना डोक्यावर नीट बसवलेली चुंबळ, एवढ्यात तिचे काम, हंगाम, थकवा सारे येते. फडात तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला यातले काही दिसणारही नाही. त्याची नजर मोळ्यांवर. तिच्या मुलीला मात्र नेमके ते हातच दिसतील. तेव्हा आधी नजर निवडावी, वर्णन तिच्यामागून येते.

वर्णनाची वेळही महत्त्वाची. वाचक पहिल्या दोनचार पानांतच मनाशी चेहरा तयार करतो. शंभराव्या पानावर त्या चेहऱ्याला दाढी चिकटवली तर वाचक ती मानत नाही. कथेला गरजेची खूण, उदा. लंगडा पाय, पात्राच्या पहिल्याच हालचालीत दाखवावी. बाकीचा चेहरा वाचकावर सोडला तरी चालतो.