झॅमेकनिक, पॉल चार्ल्स

(२२ नोव्हेंबर १९१२–२७ ऑक्टोबर २००९). अमेरिकन वैद्य व रेणवीय जीववैज्ञानिक. ॲमिनो अम्लांपासून प्रथिने कशी तयार होतात, हे कोशिकेबाहेर परीक्षानळीत अभ्यासण्याची पद्धती त्यांनी सिद्ध केली आणि एम. बी. होगलंड यांच्यासह स्थानांतरी रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (टीआरएनएचा) शोध लावला.

त्यांचा जन्म क्लीव्हलँड (ओहायओ) येथे झाला. डार्टमथ कॉलेजची पदवी घेऊन ते हार्व्हर्ड वैद्यकीय विद्यालयातून एम.डी. झाले (१९३६). पुढे त्यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत व नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत माक्स बेर्गमान यांच्याकडे संशोधन केले. प्रथिनांचे पचन करणारी एंझाइमे उलट दिशेने कार्य करून प्रथिने घडवीत असावीत, असा बेर्गमान यांचा कयास होता. या कल्पनेचा पाया ज्या प्रयोगांनी ढासळला, ते त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या झॅमेकनिक यांनी पुढे केले.

हे कार्य बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाले. कर्करोगात कोशिकांची वाढ अनिर्बंध का होते, या प्रश्नातून ते प्रथिननिर्मितीकडे वळले होते. महायुद्धानंतर किरणोत्सर्गी कार्बन (कार्बन-१४) उपलब्ध झाला आणि आर. बी. लॉफ्टफील्ड यांनी तो अंतर्भूत असलेली ॲमिनो अम्ले तयार केली. यकृताच्या कापांत कोशिकेची ऊर्जानिर्मिती डायनायट्रोफिनॉलाने विस्कळित केली की, ही अम्ले प्रथिनांत शिरेनाशी होतात, असे १९४८ मध्ये दिसून आले. प्रथिन बांधण्यास ऊर्जा लागते. ते पचनाची केवळ उलट क्रिया नव्हे, असा त्याचा रोख होता. त्यानंतर उंदराचे यकृत वाटून व केंद्रोत्सारकात त्याचे घटक अलग करून त्यांनी अखंड कोशिकेविना प्रथिननिर्मिती घडवून आणली. तीत एटीपी हे ऊर्जावाहक संयुग आवश्यक असते आणि नवे प्रथिन प्रथम रिबोसोमयुक्त सूक्ष्मकणांवर आढळते, हे १९५०–६० या दशकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले. एटीपीच्या साहाय्याने ॲमिनो अम्ले प्रथम क्रियाशील होतात, हे होगलंड यांनी दाखविले.

यातील सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र तुलनेसाठी केलेल्या प्रयोगातून लागला. या मिश्रणात रिबोन्यूक्लिइक अम्लही तयार होते काय, हे पाहण्यासाठी झॅमेकनिक यांनी त्यात किरणोत्सर्गी एटीपी घातले आणि तुलनेसाठी दुसऱ्या नळीत किरणोत्सर्गी ल्यूसीन हे ॲमिनो अम्ल घातले. ल्यूसिनाचा रिबोन्यूक्लिइक अम्लाशी संबंध येण्याचे कारण नव्हते. तरीही त्या अम्लात किरणोत्सर्ग आढळला. ही अशुद्धी म्हणून सोडून देणे सोपे होते. तसे न करता होगलंड, मेरी स्टीफन्सन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी तिचा पाठपुरावा केला. एका लहान, विद्राव्य रिबोन्यूक्लिइक अम्लाला ॲमिनो अम्ल जोडले जाते व तेथून ते सूक्ष्मकणांवरील प्रथिनात जाते, हे त्यांनी १९५७-५८ मध्ये सिद्ध केले. ॲमिनो अम्ल व न्यूक्लिइक अम्लाची लिपी यांना जोडणारा दुवा असला पाहिजे, असे अनुमान फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच मित्रमंडळीत प्रसृत केले होते; बॉस्टनच्या गटाला ते नंतर जेम्स वॉटसन यांच्याकडून कळले. क्रिक यांना दुवा अगदी चिमुकला अपेक्षित होता, प्रत्यक्षात त्यात सु. ७५ ते ९० न्यूक्लिओटाइडे असतात. तर्क व प्रयोग स्वतंत्र वाटांनी एकाच स्थळी पोहोचल्याचे हे विरळा उदाहरण होय.

१९६० मध्ये एम. आर. लॅम्बोर्ग यांच्यासह त्यांनी एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूपासून अशीच कोशिकारहित प्रणाली तयार केली. या प्रकारच्या प्रणालीतच एम. डब्ल्यू. नीरेनबर्ग व जे. एच. माथाय यांनी १९६१ मध्ये जननिक लिपीचा पहिला शब्द उलगडला. लिपीच्या कार्याबद्दल १९६८ चे नोबेल पारितोषिक नीरेनबर्ग, हरगोविंद खोराना व आर. डब्ल्यू. हॉली यांना मिळाले. झॅमेकनिक यांना ते कधीच लाभले नाही. हॉली यांनी ज्या रेणूची संरचना उलगडली, तो टीआरएनएच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१९७८ मध्ये त्यांनी व स्टीफन्सन यांनी राउस सार्कोमा विषाणूच्या रिबोन्यूक्लिइक अम्लाशी पूरक असा १३ न्यूक्लिओटाइडांचा डीएनए-तुकडा कोंबडीच्या गर्भकोशिकांच्या संवर्धात घालून त्या विषाणूची वाढ रोखली. असा तुकडा कोशिकेत शिरतो, यावर अनेकांचा विश्वास बसेना व ही कल्पना बरीच वर्षे उपेक्षित राहिली. या तत्त्वावरील पहिले औषध फोमिव्हिर्सेन हे अमेरिकेत १९९८ मध्ये संमत झाले. हार्व्हर्डमधून १९७९ मध्ये निवृत्त झाल्यावर वुस्टर प्रतिष्ठानात त्यांनी हेच संशोधन पुढे चालविले. त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक (१९९१) व लास्कर पुरस्कार (१९९६) मिळाले. ते बॉस्टन येथे मृत्यू पावले.