ओट्याचा दगड

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं आणि ओट्याला कोणता दगड घालायचा यावरून घरात आठवडाभर खल झाला. मुलाला क्वार्ट्झ हवा होता, यजमानांना ग्रॅनाइट. माझं काहीच ठरत नव्हतं. शेवटी दगडाच्या वखारीत गेलो. दुकानदार एकेका लादीवर हात ठेवून नाव सांगत होता: शहाबाद, कडप्पा, कोटा, मकराना. बहुतेक नावं म्हणजे गावंच. त्यात खानदेशातलं एकही नव्हतं.

तापीकाठची गाळाची पट्टी सोडली, तर जळगाव-धुळ्याच्या पायाखाली काळा दगडच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. विहीर खणा, रस्ता खोदा, तोच लागतो. मग काळ्या दगडाच्या मुलखात प्रत्येक घराचा ओटा परगावच्या दगडाचा कसा? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले. ओटा दोन महिने लांबला आणि घरच्यांनी ते सोसलं.

आधी मी उत्तर रेल्वेत शोधलं. खानदेशातून जाणारा लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोचला. मुंबईहून दक्षिणेला गेलेला फाटा १८७१मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला. गुलबर्ग्यापुढचं शहाबाद याच फाट्यावरचं स्टेशन. १८७८मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि शहाबादच्या फरशीला सोलापूर, दौंड, नगर, मनमाड, चाळीसगाव अशी सरळ वाट मिळाली. १९००मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा झाला, तेव्हा धुळंही त्या वाटेला जोडलं गेलं. कोट्याचा दगड पुढे ट्रकनं आला. इंदूरकडून आग्रा रोडनं येणाऱ्याला आधी शिरपूर लागतं, मग धुळं.

हे सगळं जुळवून मी खूश होते. पण वाट झाली म्हणून माल येतो असं नाही, त्याची गरज असावी लागते. दाराशी दगड फुकट पडलेला असताना शेकडो मैलांवरून दगड कोण आणील? रेल्वेनं तो कसा आला एवढंच कळलं.

उरलेलं उत्तर धुळ्याजवळ रस्त्याकडेला पाटे घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं दिलं. मी विचारलं, "बाबा, या दगडाची फरशी का नाही करत?" छिन्नी न थांबवता तो म्हणाला, "हा फुटतो ताई, उलगडत नाही."

भूशास्त्राची पुस्तकं मी नंतर वाचली, त्यांत याहून वेगळं काही नव्हतं. शहाबाद, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडक. प्राचीन समुद्रांच्या तळाशी थरावर थर साचून झालेले, आपल्या बेसाल्टाहून कित्येक पटींनी जुने. पाचर मारली की थर सुटतो आणि दीड-दोन इंच जाडीची सपाट लादी हाती येते. बेसाल्ट लाव्हा थिजून झालेला, त्याला असे थर नाहीत. थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि तो ठोकळ्यांत फुटतो. तो घडवता येत नाही असं मात्र नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे आणि साक्री तालुक्यात बलसाण्याची देवळं उभी आहेत. पण लेण्यात आतला दगड काढून टाकायचा असतो आणि देवळात जाड तुळई बसवायची असते. सहा फूट लांब नि दीड इंच जाड पट्टी हातहत्यारांनी बेसाल्टातून काढणं परवडणारं काम नव्हतं.

म्हणून खानदेशी घरात काळा दगड आला तो दळायला आणि वाटायला. पाटा, वरवंटा, उखळ आणि जातं, ज्याला आमच्याकडे घरोट म्हणतात. बहिणाबाईंची 'घरोट' कविता याच दगडावरची. या कामाला खडबडीतपणाच लागतो. गुळगुळीत झाला की टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करून घ्यायचा. ओट्याला नेमकं याच्या उलट हवं असतं.

आता ओट्याबद्दल. माझ्या लहानपणी धुळ्यात ओटा म्हटला की तो घराबाहेरचा. धाब्याच्या घरापुढे दगडमातीचा चौथरा असायचा. संध्याकाळी पुरुषमंडळी तिथं बसत, पाहुणा आधी तिथं टेके. चूल आत जमिनीवर होती. पाटा जमिनीवर, परात जमिनीवर, भाकरी थापणारी बाईही जमिनीवर. बाहेरच्या ओट्याचं नाव आतल्या उभ्या ओट्याला कधी मिळालं, याची तारीख सांगता येणार नाही. पण आमच्या घरापुरती मला ती ठाऊक आहे. १९७९, गॅस आला ते वर्ष.

मुंबईत बर्मा शेलचा घरगुती गॅस १९५५मध्ये आला, इंडेनची सुरुवात १९६५मध्ये कोलकात्यात झाली. आमच्या गल्लीत तो यायला बरीच वर्षं गेली. त्याबरोबर एक नियमही आला: सिलिंडर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणजे शेगडी जमिनीवर ठेवून चालणार नव्हतं. गॅसच्या आधी उभे ओटे नव्हतेच असं नाही, शहरांतल्या ब्लॉकमध्ये ते होते. पण आमच्यासारख्या घरांत बायका उभ्या राहिल्या त्या या नियमानं, असं माझं मत आहे. वाटणघाटण पुढे मिक्सरनं उचललं आणि पाटा मोरीच्या कोपऱ्यात गेला.

त्या ओट्याला कडप्पा आला. कडप्पा हे आंध्रातलं गाव. तेलुगूत गडप म्हणजे उंबरठा, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. त्या गावाकडून कर्नूलपर्यंतच्या पट्ट्यात हा काळसर चुनखडक निघतो. शहाबादी जमिनीवर राहिली आणि कडप्पा वर चढला, कारण त्याच्या काळ्या रंगात काजळी आणि डाग लपत, तासून त्याला बरी चमक येई आणि उभ्या आधारांपासून मांडण्यांपर्यंत सगळं त्याच दगडात होई. लिंबू-चिंचेनं तो पांढरट पडतो. आमच्याकडे महिन्यातून एकदा त्याला शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवायचे.

ओट्याची उंची मात्र आईला कुणी विचारली नाही. मिस्त्रीनं आपल्या सवयीनं चौतीस इंच ठेवली. आईची उंची चार फूट दहा इंच. जमिनीवर बसून खांद्याचा जोर लावून भाकरी थापणारी बाई उभी राहिली ती कोपर वर उचलून. महिन्याभरात तिनं जेवायचा लाकडी पाट ओट्यासमोर उपडा टाकला आणि पुढची चाळीस वर्षं त्यावर उभं राहून स्वयंपाक केला. तिचा उजवा खांदा आज वर जात नाही. खांद्याचं सगळं खापर त्या ओट्यावर फोडता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी थोडंसं फोडते.

वखारीतून मी पाच तुकडे मागून आणले. प्रत्येकावर अर्धं लिंबू उपडं ठेवलं, शेजारी तेलात कालवलेली हळद, आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी कडप्प्यावर पांढरं वर्तुळ उमटलं होतं, कोटा निस्तेज झाला होता. मकराना संगमरवर, म्हणजे तोही मुळात चुनखडकच. तो खरबरीत आणि वर पिवळा झालेला. क्वार्ट्झवर हळदीची पुसट सावली राहिली. काळ्या 'गॅलेक्सी' ग्रॅनाइटवर काहीच नाही.

आणि इथं मला हसू आलं. सोनेरी ठिपक्यांचा हा गॅलेक्सी आंध्रातल्या चीमकुर्तीचा. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबानं तो ग्रॅनाइट नव्हे, गॅब्रो आहे. बेसाल्टाच्याच जातीचा रस जमिनीखाली सावकाश थंड झाला की गॅब्रो होतो. म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा दूरचा भाऊबंदच. हिऱ्याची पाती आणि मोठ्या करवती आल्यावर उलगडण्या-फुटण्याचा प्रश्न मिटला आणि तो थेट ओट्यावर येऊन बसला. धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत जमिनीतून भिंतींसारखे वर आलेले डोलेराइटचे पट्टे आहेत, तेही याच कुळातले. दक्षिणेत असा डोलेराइट काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. आमच्या भागातल्या दगडाचा ओटा मी अजून पाहिलेला नाही.

क्वार्ट्झचा विचार मी तव्यामुळे सोडत आणला होता. नव्वद टक्क्यांच्या वर गारेचा चुरा आणि त्याला बांधणारं राळेसारखं रसायन, अशी ती कारखान्यातली लादी. दीडशे अंशांच्या आसपास ते रसायन खराब होऊ लागतं. भाकरीचा तवा किंवा मांड्यांचं खापर त्याच्या कितीतरी पुढे जातं. पण निर्णय झाला तो वेगळ्या कारणानं. वखारीच्या मागे एक मुलगा कोरड्या ग्राइंडरनं क्वार्ट्झची कड घासत होता. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. ही धूळ म्हणजे सिलिका. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला. कृत्रिम दगड कापणारे तरुण कामगार या रोगानं आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून त्या दगडावर बंदीच घातली. खऱ्या ग्रॅनाइटमध्येही सिलिका बरीच असते. चुनखडकात आणि गॅब्रोत मोकळी सिलिका त्या मानानं फार कमी. मुलाला मी हे सांगितलं. तो रात्री बराच वेळ फोनवर वाचत बसला आणि सकाळी म्हणाला, "गॅलेक्सी घे."

मिस्त्रीला दोन अटी घातल्या. कापताना पाण्याची धार चालू राहिली पाहिजे, आणि उंची मी सांगेन ती. त्यानं टेप उघडून विचारलं, "ताई, चौतीस करू ना?" आई तेव्हा धुळ्याहून आलेली होती. आम्ही दोघी भिंतीपाशी उभ्या राहिलो, कोपर दुमडलं आणि त्याच्या खाली मी पेन्सिलनं रेघ ओढली. माझी एकतीस इंचांवर आली, तिची अठ्ठावीस. मग शेगडीचा भाग एकतीसला ठेवला आणि खिडकीकडचा अडीच फुटांचा तुकडा अठ्ठावीसला उतरवला. मिस्त्री म्हणाला, असा दोन पायऱ्यांचा ओटा त्यानं कधी केला नव्हता. आईनं पहिल्या दिवशी तिथं परात ठेवून पाहिली, मग पायाखाली पाट आहे का म्हणून एकदा सवयीनं खाली बघितलं.