सदसद्विवेक आणि वैद्यकीय नकार

कायद्याला मान्य असलेला उपचार आपल्या श्रद्धेला किंवा नीतिकल्पनेला पटत नाही म्हणून डॉक्टरने दिलेला नकार. साधने नाहीत किंवा हात तयार नाही म्हणून दिलेला नकार यात येत नाही. गर्भलिंग सांगण्यास दिलेला नकारही नाही. तिथे कायद्याचीच बंदी आहे आणि महाराष्ट्राने ती देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये घातली.

ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्याने कलम 4 मध्ये डॉक्टरांना हा हक्क दिला, मात्र स्त्रीच्या जिवावर बेतले असता तो चालत नाही. भारताच्या 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात असे कलमच नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांतील 7.15 वा नियम सांगतो, की वैद्यकीय गरज असताना नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात यांना केवळ धार्मिक कारणावरून नकार देऊ नये. ते काम आपल्याला जमणार नाही असे वाटत असेल तर गोष्ट निराळी. ‘केवळ धार्मिक’ या शब्दांमुळे धर्माशी संबंध नसलेली नैतिक हरकत अधांतरीच राहते. कोणाला तपासायचे हे ठरवण्याची मोकळीक याच नियमांत डॉक्टरला आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र ती नाही.

व्यवहारात हा नकार क्वचितच उघड बोलला जातो. ‘नवऱ्याची सही आणा’ हे त्याचे नेहमीचे रूप. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते, आणि अशा जादा अटी घालू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी बजावले आहे. मुंबईत एकाने नाही म्हटले तर पुढच्या गल्लीत दुसरा दवाखाना असतो. आंबा नदीकाठच्या नागोठण्यातल्या बाईला रोहा, पेण किंवा थेट अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते: एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबतीला कोणीतरी. दिवस तर वाढतच असतात. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. त्यानंतर 24 आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठीच. म्हणून नकार देणाऱ्याने त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे स्पष्ट शब्दांत हवे.

महाराष्ट्रातला सर्वांत ठळक प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळल्या. त्यांचे अन्न थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. केईएमचे डॉक्टर आणि परिचारिका त्यांना जगवण्यावर ठाम होते. इथे नकार उपचार करण्याला नव्हता, थांबवण्याला होता. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याच कर्मचाऱ्यांना दिला, आणि 18 मे 2015 रोजी अरुणाताईंचे निधन होईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, त्यांनी शुश्रूषा केली. ही माया खरी होती. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे विचारण्याची सोय उरली नव्हती. त्यामुळे बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या इच्छेविरुद्ध हा दाखला वापरता येत नाही. शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने मिळाली.