रेंटनचे जगज्जेते

स्कॉटलंडमधील लोमंड सरोवरातून निघणारी लेव्हन नदी डंबार्टनपाशी क्लाईड नदीस मिळते. तिच्या काठी रेंटन हे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्यातील कारखान्यांत सुती कापडास ‘टर्की रेड’ नावाचा पक्का तांबडा रंग देत, त्यावर मोर व वेलबुट्टी छापीत. आणि ते कापड मुंबई-कलकत्त्याच्या बाजारपेठांत विकावयास येई. कामकऱ्यांच्या या गावात १८७२ मध्ये एक फुटबॉल संघ स्थापन झाला.

१८८५ मध्ये या संघाने स्कॉटिश चषक जिंकला. १८८८ च्या अंतिम सामन्यात केंबसलँगचा ६-१ असा धुव्वा उडवून तो पुन्हा मिळविला. त्याच वर्षी १९ मे रोजी ग्लासगो येथे इंग्लंडचा चषकविजेता वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन त्याच्यासमोर उभा राहिला व ४-१ असा हरला. फुटबॉलचे जग त्या काळी ब्रिटनपुरतेच होते. तेव्हा रेंटनच्या संघाने स्वतःस ‘जगज्जेते’ म्हणवून घेतले, यात नवल नाही.

परंतु उतरणही तेथूनच लागली. ग्लासगोतील गरीब आयरिश कॅथलिक मुलांच्या अन्नासाठी निधी जमावा म्हणून ब्रदर वॉल्फ्रिड या धर्मबंधूंनी सेल्टिक संघ काढला होता. रेंटनच्या विजयानंतर नऊच दिवसांनी त्या संघाचा पहिला सामना झाला, आणि त्यात जेम्स केली व नील मॅकॅलम हे रेंटनचेच वीर सेल्टिककडून खेळले. केली पुढे तेथेच राहिला. इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूंना उघड वेतन मिळत असे. स्कॉटलंडमध्ये १८९३ पर्यंत त्यास बंदी होती. चांगला खेळाडू गावात टिकावा कसा?

१८९० मध्ये रेंटनचे चिटणीस पीटर फेअर्ली यांनी इतर संघांना पत्रे धाडली व त्यांतून स्कॉटिश लीग जन्मास आली. दैवाचा खेळ असा की, पाच सामने होतात न होतात तोच, धंदेवाईकपणाचा आरोप असलेल्या संघाशी, त्याने बदललेल्या नावाखाली, सामना खेळल्याबद्दल रेंटनलाच बहिष्कृत करण्यात आले. न्यायालयात दाद मागून १८९१ मध्ये संघ परतला. परंतु १८९४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि १८९७ मध्ये हंगामाच्या आरंभीच त्याने लीग सोडली.

चषकाचे चार-सहा सामने अकरा जिद्दी गडी जिंकू शकतात. लीग मात्र आठवड्यामागून आठवडे चालते, आणि तीत दाराशी जमणाऱ्या तिकिटांच्या पैशाला महत्त्व येते. शहरांना ते साधले; गावाला साधले नाही. शेजारच्या व्हेल ऑफ लेव्हन संघाने तीन वेळा चषक जिंकला होता; त्यानेही १८९२ मध्येच लीग सोडली.

रेंटनचा संघ १९२२ च्या सुमारास विसर्जित झाला. फेअर्लींच्या पत्रातून निघालेली लीग २०१३ पर्यंत चालली. १८९७ नंतर तीत रेंटनचे नाव पुन्हा आले नाही.